पोच मागणारी बाई

मी मूळचा भिवापूरकडला. गावाचं नाव राहू द्या, लहानसं आहे, मिरचीवर जगते. माही माय दुसऱ्याच्या मिरच्यायचे देठ खुडे, तिच्या बोटायची आग होळीपर्यंत जात नसे, त्या हातानं ती मले जवळ बी घेत नव्हती, म्हणे डोळ्यात जाईन तुह्या. बाप मी लहान असतानाच गेला. मायची एकच इच्छा, पोरानं शाळा शिकावी. अन् मी शाळेत जाये, रोज जाये, खाडा नाही, पण जाये म्हणजे काय भाऊ, बसे. घ अन् ध मले सारखेच, भ अन् म सारखेच, आज ओळखलं तं उद्या पुन्हा अनोळखी, जसं काही पहिल्यांदाच भेटून राहिलो. मास्तर म्हणे हे ठोंब आहे, याच्या डोक्यात भुसा आहे. रोज म्हणे. रोज म्हटलं का माणूस मानतेच ना, मी बी मानलं. सहावीत एक दिवस दप्तर शाळेच्या कंपाउंडवर ठेवलं अन् तिथूनच कामठीले मामाकडं पळून आलो, मामाचा ऑटो होता. ऑटो चालवायले अक्षरं लागत नाहीत. कामठी ते नागपूर सीधा रस्ता, कोणाचं दुकान कोणत्या रंगाचं, कोणत्या चौकात कोण उतरते, सारं डोक्यात. लायसनचं कसं जमलं ते नका विचारू.

म्हणून हे तुम्हाले तोंडी सांगून राहिलो. तुम्ही लिहा, अन् लिहिलं का शालूले वाचून दाखवा, ती चुका काढन. ती कोणाच्याही चुका काढते.

शालू म्हणजे माही बायको. कन्हानची आहे, दहावी पास, शिवणकाम शिकलेली. तिच्या घरच्यायले सांगितलं होतं का पोरगा आठवी शिकला. मी बी तेच सांगितलं. लग्न झाल्यावर ती म्हणे पेपर वाचा न जरा, माहे हात कामात आहेत, अन् मी म्हणे डोकं दुखते. लाइटचं बिल आलं का मी म्हणे तूच पाय, मले त्या आकड्यायचा कंटाळा आहे. बारा वर्षं असं चालवलं, अन् मले वाटे का मी भल्ला हुशार, बायकोले पत्ता लागू देला नाही. तिले पहिल्याच महिन्यात समजलं होतं. बोलली नाही. काय सांगू तुम्हाले, चार भिंतीच्या आत बी माणसाची लाज राखते अशी बाई आहे ती.

एकच पोरगी आमची, प्राची. लहानपणापासून अशी बोलकी का ऑटोत समोर बसवलं तं सवाऱ्यायले गोष्टी सांगे. आईच्या गिऱ्हाइकायची मापं तिले तोंडपाठ, कोणत्या काकूची बाही किती अन् गळा किती. शाळेत टाकलं, जवळच्याच, पहिली ते दहावी एकाच आवारात आहे. पहिली, दुसरी, तिसरी, सगळं ठीक. बाई म्हणत हस्ताक्षर खराब आहे पण वाचते बरं.

चौथीतली गोष्ट आहे. शालू मशीनवर बसलेली, पोरगी बाजूले पुस्तक घेऊन मोठ्यानं धडा वाचून राहिली, हत्तीचा धडा. शालू कात्री घ्यायले उठली अन् सहज तिनं पुस्तकात पायलं, तं पुस्तकात विहिरीचं चित्र. पान विहिरीचं अन् पोरगी हत्ती वाचून राहिली, एक शब्द इकडचा तिकडं नाही, जिथं थांबायचं तिथं थांबून राहिली. दुसरी बाई असती तं दोन धपाटे देल्ले असते. शालू खाली बसली, चार पानं पुढं उलटवली अन् म्हणे, हा वाच बेटा. पोरीनं पुस्तक मिटलं. मंग म्हणे, आई, हा धडा मॅडमनं अजून वाचून दाखवला नाही.

तीन वर्षं ते लेकरू नुसतं ऐकून ऐकून पास होत आलं होतं. किती मेहनत लागली असन त्या जिवाले, पहा तुम्ही. शालूनं रात्री जेवताना मले सांगितलं अन् मी हातातला घास ताटात ठेवला, काहून का मले त्याच वक्ताले समजलं, हे माह्याकडून आलं. पण तोंडातून काय निघालं माहीत आहे? मी म्हणलो, तू लाड करते, दोन लावून दे, बरोबर वाचायले लागन. खोटं नाही सांगत, असंच म्हणलो. माहा मास्तर माह्या तोंडातून बोलला. शालूनं माह्याकडं पायलं अन् म्हणे, मार खाऊन कोणी वाचायले शिकलं असतं तं आज आपल्या घरात दोघं वाचणारे असते. बस. एवढंच बोलली, अन् मले पोळी वाढली. मी समजलो का हिले माहीत आहे, अन् मी मान खाली घालून ती पोळी खाल्ली.

पाचवीत त्रास सुरू झाला. नवीन बाई, वहीत लाल अक्षरात लिहून पाठवे, लक्ष देत नाही, आळशी आहे. वर्गात उभं करून वाचायले लावे, पोरं हसत. प्राची सकाळी उठली का पोट दुखते म्हणे, रोज. बोलकी पोरगी, ऑटोत बोलायची बंद झाली. शालू शाळेत गेली तं मुख्याध्यापिका मॅडम म्हणे, ही शाळा हिच्यासाठी नाही, हिले मंद मुलायच्या शाळेत टाका. शालू म्हणे, ती मंद नाही मॅडम, तिले वाचता येत नाही, दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मॅडम म्हणे, ते आम्हाला शिकवू नका.

शालूची एक गिऱ्हाईक आहे, अंगणवाडी चालवते. तिनं सांगितलं, अगं, अशा लेकरायसाठी फिरत्या विशेष शिक्षिका असतात, शाळाशाळांतून जातात, पण शाळेनं मागायले पाहिजे, तू अर्ज दे. शालूनं अर्ज देला. शाळेच्या बाबूनं घेतला अन् ड्रॉवरात टाकला. महिन्यानं विचारलं तं म्हणे कोणता अर्ज? ती घरी आली, मले वाटलं रडन. नाही. ती अंगणवाडीवाल्या बाईकडं गेली, तिनं शिकवलं का कोणताही कागद देला तं दोन प्रती करायच्या, एक द्यायची अन् दुसरीवर शिक्का घ्यायचा, तारीख घ्यायची, त्याले पोच म्हणतात. दुसऱ्या दिवशी शालू पुन्हा शाळेत. अर्ज देला अन् म्हणे, पोच द्या. बाबू म्हणे, बाई, पोच कायले पाहिजे, आपलीच शाळा आहे. ती म्हणे, आपलीच आहे म्हणूनच द्या. तेव्हापासून शाळेत तिचं नावच पडलं, आली ती पोचवाली बाई.

आता माही करतूत ऐका. हे सांगायले मले अजून बी जड जाते.

एक दिवस दुपारी मी पोरीले घ्यायले गेलो तं बाबू गेटवर आला, म्हणे चला भाऊ आफिसात, मॅडमनं बोलावलं. आत एक छापील कागद ठेवला समोर. सही करा. मी म्हणलो काय आहे? म्हणे पोरीच्याच भल्याचं आहे. मी म्हणलो, ते विशेष शिक्षिकेचं आहे का? म्हणे हो हो, तेच समजा. मी कागद हातात घेतला. वरून खालपर्यंत नजर फिरवली, मधात मान हलवली, एका जागी थांबून कपाळाले आठी बी पाडली, वाचणारे लोक कसे वाचतात ते मी आयुष्यभर पाहत आलो न. अन् सही ठोकली. सही मले येते, ती चित्रासारखी पाठ आहे. असा खूश झालो का शालू दोन महिने चकरा मारून राहिली अन् मी एका मिनिटात काम केलं. येताना सांबारवडी, कोथिंबिरीची गरमागरम, बांधून घेतली.

शालूनं विचारलं काय लिहिलं होतं त्यात? मी म्हणलो तेच, विशेष शिक्षिकेचं. तिनं विचारलं पोच कुठं आहे? मी म्हणलो, तू बी ना. पण तिचा चेहरा पाहून सांबारवडी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑटोमोटिव्ह चौकात, गाडी सवाऱ्यायनं भरलेली, अन् तिचा फोन. म्हणे, प्राचीचे बाबा, मी कालचा कागद पाहायले शाळेत आली, तुम्ही बी या. मी म्हणलो काय झालं वं? म्हणे, तुम्ही पोरीचा दाखला काढायच्या अर्जावर सही केली. आपल्या मर्जीनं शाळा सोडून राहिलो असं लिहिलं आहे.

माहे हात हँडलवरच राहिले. सवाऱ्यायले म्हणलो माफ करा, दुसरा ऑटो पहा, एक म्हातारी शिव्या देत उतरली, अन् मी गाडी वळवली. रस्ताभर एकच गोष्ट डोक्यात, मास्तरनं मले काढलं नव्हतं, मी पळालो होतो. माह्या पोरीले मी काढलं, माह्या हातानं.

आफिसात मॅडम खुर्चीवर, बाबू बाजूले, दोन बाया दारात उभ्या, अन् शालू टेबलासमोर उभी, बसा म्हटलं तरी बसली नसन. मॅडमनं कागद माह्यासमोर सरकवला, म्हणे, ही सही तुमचीच ना? मी म्हणलो हो. म्हणे, मग आता तक्रार कसली? मी काही बोलायच्या आत शालू बोलली, मॅडम, हे घाईत होते, सवाऱ्या थांबल्या होत्या, वाचायचं राहून गेलं. पहा तुम्ही. त्या वक्ताले बी तिनं माही लाज झाकली. मॅडम म्हणे, चार ओळी आहेत, चार ओळी वाचायला किती वेळ लागतो?

अन् मी म्हणलो, मले वाचता येत नाही मॅडम.

भाऊ, बेचाळीस वर्षाचा आहे मी आज, तेव्हा सदतीसचा असन, पहिल्यांदा ते वाक्य तोंडातून काढलं. मी म्हणलो, एक ओळ बी येत नाही, बाबू म्हणे पोरीच्या भल्याचं आहे म्हणून मी सही केली, मले लाज वाटली का वाचता येत नाही असं कसं सांगू. बाबू खिडकीतून बाहेर पाहायले लागला.

शालू आवाज न चढवता म्हणे, मॅडम, प्राचीच्या बाबायले एका शाळेनं असंच बाहेर पडू देलं होतं. का काहून ते कोणी विचारलं नाही. हा माणूस पंधरा-सोळा किलोमीटरचा रस्ता खड्ड्यासकट तोंडपाठ सांगते, हा मंद आहे का? अन् आता तुम्ही माह्या पोरीले त्याच रस्त्यानं पाठवून राहिल्या.

मले वाटलं मॅडम भडकन. त्यायनं तो कागद उचलून पुन्हा वाचला. मंग म्हणे, बसा दोघंही. अन् जे बोलल्या ते मी इसरलो नाही. म्हणे, माझ्याकडं एका वर्गात साठ-साठ मुलं आहेत, अशा मुलांना कसं शिकवायचं ते मला कोणी शिकवलं नाही, वाचन चाचणीत शाळा मागे पडली की वरून मलाच बोलतात, मी काय करू सांगा? खरं होतं तिचं बी. शालू म्हणे, तुमच्याकडं माणूस नाही तं मागा न मॅडम. तुम्ही शाळेकडून अर्ज लिहा, मी आईकडून लिहिते, दोघी संगच जाऊ. मॅडमनं त्या दाखल्याच्या अर्जावर आडवी रेघ मारली, रद्द लिहिलं, सही केली. शालू म्हणे, याची एक झेरॉक्स द्या अन् त्यावर शिक्का. तेव्हा मॅडमले बी हसू आलं.

त्यानंतर शिक्षण विभागाच्या आफिसच्या चकरा. शाळेच्या मॅडम दोनदा संग आल्या, मंग शालू एकटी जाये. तिथला माणूस म्हणे साहेब नाहीत, सोमवारी या. सोमवारी म्हणे गुरुवारी या. शालूनं काय करावं, ब्लाउजायची पिशवी संगच नेली. आफिसच्या बाकावर बसून तुरपाई करे, ब्लाउजायले हुक लावे. म्हणे, तुमचं होऊ द्या निवांत, माहं काम चालू आहे. चार दिवस अशी बसली. तिसऱ्या दिवशी आफिसातल्याच एका मॅडमनं स्वतःच्या ब्लाउजचं अस्तर उसवलं होतं ते शालूकडून शिवून घेतलं, अन् चौथ्या दिवशी त्या मॅडमनंच अर्ज साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवला. पंधरा दिवसात शाळेत रंगारी मॅडम आल्या, त्या विशेष शिक्षिका. शालू कधी कोणावर ओरडली नाही. मी असतो तं ओरडलो असतो, अन् काम बिघडवलं असतं.

रंगारी मॅडमनंच सांगितलं का आधी सरकारी दवाखान्यात तपासणी करा, प्रमाणपत्र घ्या, पुढं दहावीले कामा येईन. नागपूरले तीन-चार चकरा झाल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईनं प्राचीकडून खूप काही करून घेतलं, ठोकळे, चित्रं, गोष्टी. अन् म्हणे, हिची बुद्धी चांगली आहे, वयापेक्षा वरचढ आहे, फक्त अक्षरं ओळखायला हिला वेगळ्या पद्धतीनं शिकवावं लागेल. मंग विचारलं, घरात अजून कोणाला असा त्रास होता का? मी हात वर केला. शाळेत कधी केला नव्हता तो. प्राची माह्याकडं पाहतच राहिली, म्हणे बाबा, तुम्हाले बी? मी म्हणलो हो बेटा. तं ती पोरगी हसली. एवढ्या महिन्यात पहिल्यांदा खळखळून हसली, तिथं दवाखान्यात. मी घाबरत होतो का बापाची किंमत कमी होईन, अन् तिले आनंद झाला का आपण एकटे नाही.

रंगारी मॅडम हप्त्यातून दोनदा येत. ताटात रवा पसरून त्यात बोटानं अक्षर काढायले लावत. एक पुठ्ठा कापून देला, मधात खिडकी, त्यातून एकच ओळ दिसे. शालूनं ते पाहून घरी अस्तराच्या कपड्याची अक्षरं शिवली, आत चिंध्या भरल्या, सारी बाराखडी. घ लाल अन् ध निळा. रोज संध्याकाळी मशीन बंद करून एक तास, सण असो का लग्नसराई, गिऱ्हाईक ओरडे पण तो तास तिनं कोणाले देला नाही. पोरगी चिडे, अक्षरं फेके, मी मूर्ख आहे म्हणे, अन् शालू उचलून आणे, म्हणे मूर्ख अक्षर आहे, दुसऱ्यासारखं दिसते, त्यात तुहा काय दोष. वर्षभरानं पोरीनं एक अख्खा धडा वाचला, जो कोणी तिले वाचून दाखवला नव्हता. हळूहळू, बोट ठेवून, पाऊण तास लागला. शाळेनं बी मंग बदललं, तोंडी परीक्षा घ्यायले लागले, वाचायले उभं करणं बंद केलं. त्याच मुख्याध्यापिका मॅडमनं अजून तीन लेकरं हेरली अन् त्यायच्या आईबापायले सांगितलं, आधी प्राचीच्या आईकडं जा. म्हणून आमच्या घरी मापं द्यायले कमी अन् अर्ज लिहून घ्यायले बाया जास्त येतात.

माहं म्हणाल तं मी बी बसलो होतो त्या तासाले, थोडं जमलं, दुकानाच्या पाट्या अडखळत वाचतो. पुस्तक नाही होत. राहून गेलं ते, जाऊ द्या.

यंदा प्राची दहावीले होती. बोर्डाची परवानगी आणायले शालूनं पुन्हा फाईल काढली, जास्तीचा वेळ मिळाला, लिहायले लेखनिक बी मिळाला. लेखनिकासाठी तिनं किती पाय झिजवले ते मले माहीत. अन् महिनाभर आधी पोरगी म्हणे, आई, मले लेखनिक नको. वेळ घेते मी, तो मले लागते, पण लिहीन मीच. शालू अशी भडकली, म्हणे तुले काय कळते, इतक्या मेहनतीनं मिळवलं. प्राची म्हणे, तूच तं सांगत होती का आपल्याले काय लागते ते आपण सांगायचं. मले हे लागत नाही. शालू दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतः बसून अर्ज लिहिला का लेखनिक नको, अन् त्याची बी पोच आणली.

पहिल्या पेपरले आम्ही दोघं गेटवर उभे. मार्चचं ऊन. वेळ झाली, घंटा वाजली, सारी लेकरं बाहेर आली, कोणाची आई पाणी देऊन राहिली, कोणी उत्तरं ताडून राहिलं. अर्ध्या तासात सारं मैदान खाली झालं, कुल्फीवाला बी गेला. प्राची आतच. चौकीदार म्हणे, तुमचं लेकरू राहिलं का आत? शालू म्हणे राहिलं नाही, लिहून राहिलं आहे. अन् उभीच. मी म्हणलो ऑटोत बस, सावली आहे. नाही बसली.

मंग ती आली बाहेर, एकटी, त्या एवढ्या मोठ्या मैदानातून चालत, बोटं शाईनं निळी. शालूनं विचारलं नाही पेपर कसा गेला. म्हणे, वेळ पुरला का? प्राची म्हणे, पुरला आई, दोन मिनिटं उरले.

निकाल अजून यायचा आहे. काय लागन ते लागो. पास झाली तं पेढे वाटू, नाही झाली तं शालूनं पुढच्या अर्जाचा कागद आजच आणून ठेवलेला असन, तिचा काही भरवसा नाही. माही माय म्हणे, देवानं ज्याले जे नाही देलं ते त्याले कोणाच्या तरी हातानं पाठवते. मले शालू पाठवली. तिले चांगलं आयुष्य लाभो, अजून बऱ्याच लेकरायले तिची गरज आहे. चला, सवाऱ्या वाट पाहून राहिल्या.